घामपट्टीमागचा कागद

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे एक सोला हॅट, म्हणजे इंग्रजी अमदानीतली उन्हाची कडक, काठ असलेली टोपी आली. जुन्या कापडांचे जतन हा माझा व्यवसाय आहे. पैठण्या, अंगरखे, पगड्या नेहमीच्या, हॅट मात्र क्वचित. ती आणणारे गृहस्थ जुन्या टोप्या आणि शिकारीचे कोट जमवतात. विक्रेत्याने ‘१८८० सालची, इंग्रज साहेबाची’ असे सांगून ती त्यांना विकली होती. जुन्या बाजारातली प्रत्येक हॅट साहेबाचीच का असते, हे मला अद्याप उमगलेले नाही. ओव्हरसियर आणि जंगल खात्यातले आपले लोकही ती वापरत, परंतु त्यांच्या नावाला भाव येत नाही. टेबलावर ठेवण्यापूर्वी गृहस्थांनी ती कौतुकाने डोक्यावर चढवली आणि म्हणाले, “बघा, अगदी माझ्या मापाची!”

सोला म्हणजे सूर्य नव्हे. इंग्रजांनी पुढे ‘सोलर’ म्हणत घोळ घातला, तरी मूळ शब्द पाणथळ जागी वाढणाऱ्या एका झुडपाचा आहे. त्याच्या खोडातला पांढरा, वजनच नसल्यासारखा गाभा म्हणजे आपले भेंड. नवरदेवाच्या बाशिंगाला लागते तेच. भेंडाचे पातळ पापुद्रे साच्यावर खळीने एकावर एक चिकटवून कवच करतात, त्यावर खाकी सुती कापडाच्या पाकळ्या शिवतात आणि डोळ्यांना तिरीप लागू नये म्हणून काठाच्या खालच्या अंगाला हिरवे अस्तर लावतात. आतली चामड्याची घामपट्टी, म्हणजे कपाळाभोवती बसणारी पट्टी, मात्र कवचाला टेकू देत नाहीत. मध्ये फट राखलेली असते. तिच्यातून वारा वर चढतो आणि माथ्यावरच्या बोंडाखालच्या भोकातून बाहेर पडतो. त्या टोपीतली खरी कारागिरी ही फट होय, आणि या हॅटीत नेमकी तीच बुजलेली होती.

भेंड पाणी पिऊन फुगते आणि वाळताना वेडेवाकडे होते, त्यामुळे धुण्याचा प्रश्नच नव्हता. खळीला कसर लागलेली होती, ती कीड मरावी म्हणून हॅट हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवली, आणि बाहेर काढल्यावरही दव धरू नये म्हणून पिशवी दिवसभर उघडली नाही. घामपट्टीला गृहस्थांनी चक्क बुटाचे पॉलिश लावले होते. हौशी संग्राहकांच्या प्रेमाने वस्तूंचे जितके नुकसान होते, तितके कसरीनेही होत नसावे.

फटीत घड्या घालून कोंबलेली मराठी वृत्तपत्राची पट्टी निघाली. तारखेचा भाग फाटलेला होता, परंतु मुंबईतल्या धान्याच्या रेशनिंगविषयीचा मजकूर स्पष्ट वाचता येत होता. मुंबईत रेशनिंग १९४३ साली सुरू झाले. यावरून हॅट केव्हा बनली हे ठरत नाही. पण त्या सुमारास किंवा त्यानंतर, हॅटीपेक्षा लहान डोक्याच्या कुणीतरी ती मापात आणली, आणि हाताशी मराठी वृत्तपत्र होते, एवढे कळते. फोनवर हे ऐकून गृहस्थ हिरमुसले. “मग तो कागद टाकूनच द्या,” असे ते म्हणाले.

कागद टाकणे शक्य नव्हते, पण आत ठेवणेही योग्य नव्हते, कारण त्या स्वस्त कागदातले आम्ल चामडे कुजवते. मी तो काढला, दमट हवेत मऊ केला, दाबाखाली सपाट केला आणि पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवला. पुस्तकी दृष्टीने सारे बिनचूक झाले. काढण्यापूर्वी मी फोटोही घेतले होते. मात्र घड्यांची जाडी मोजली नव्हती. पुढे किती पदर होते, मागे किती, याची नोंद नाही. त्या माणसाच्या डोक्याचे माप त्या घड्यांतच होते आणि ते मी माझ्या हाताने, मोठ्या निगुतीने, सपाट केले.

हॅट न्यायला आल्यावर गृहस्थांनी, मी नको म्हणत असताना, ती पुन्हा डोक्यावर ठेवली. ती भुवयांपर्यंत खाली आली. “मोठी कशी झाली?” त्यांनी विचारले. मी आम्लरहित कागदाची पट्टी दुमडून घामपट्टीमागे सरकवली आणि त्यांना ठीक वाटेपर्यंत एकेक घडी वाढवत गेले.