विरजण, कॅप्सूल आणि दाजींची दुर्बीण

आमच्या दाजींना मोठ्या आतड्याचा जुना दाह आहे. डॉक्टर त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. निपाणीत त्यांच्या गल्लीतली जुनी माणसे मात्र अजूनही रक्ती आवच म्हणतात. लक्षणे सुरू होऊन यंदा नऊ वर्षे झाली, म्हणून बेळगावच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने आतडे तपासून घ्यायला सांगितले. दाजींनी उत्तरादाखल फ्रिजच्या दारातून कॅप्सूलची डबी काढून माझ्यासमोर ठेवली. "ह्यात चांगले जंतू हायत. आता कॅन्सरची भीती नाही, असं औषधाच्या दुकानात सांगितलंय," ते म्हणाले. आक्काने आतून जोड दिली, "आणि मी रोज ताक देतेच की."

ताकाबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या भागात विरजण संपले तर कानडी शेजारणीकडून वाटीभर 'हेप्पु' मागून आणायचे आणि त्याची परतफेडही दह्यानेच करायची, ही रीत जुनी आहे. पण दह्यातले जंतू पचनाला बरे असतात या अनुभवावरून ते सुजलेल्या आतड्याला कर्करोगापासून वाचवतात या निष्कर्षावर उडी मारणे मला पटले नाही, म्हणून मी थोडे वाचले.

२०१२ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी दाह शमवणारे इंटरल्यूकिन-१० हे प्रथिन ज्यांच्यात तयार होत नाही असे, जंतुविरहित वाढवलेले उंदीर घेतले. काहींच्या आतड्यात ई. कोलाय या जंतूची एक जात सोडली, तर काहींच्या आतड्यात एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा दुसरा जंतू. दाह दोन्ही गटांत झाला, परंतु कर्करोग घडवणारे रसायन टोचल्यानंतर गाठी प्रामुख्याने ई. कोलायच्या गटातच झाल्या. त्या जंतूकडे कोलिबॅक्टिन नावाचे विष बनवणारा जनुकांचा एक पुंजका असतो आणि हे विष पेशींच्या डीएनएला इजा करते. तो पुंजका काढून टाकलेला जंतू दिला, तेव्हा दाह तेवढाच राहिला आणि गाठी मात्र कमी झाल्या. म्हणजे नुसती सूज पुरेशी नव्हती. सुजलेल्या आतड्यात वस्ती कोणाची आहे, यालाही महत्त्व होते.

मग चांगले जंतू वरून दिले तर? काही प्रयोगांत, आधीपासून दिल्यावर, ते उपयोगी पडल्याचे दिसले होते. पण २०१३ मध्ये याच संशोधकांच्या गटाने आठ जिवाणूंचे एक नावाजलेले मिश्रण तशाच प्रकारच्या उंदरांना उपचार म्हणून दिले, तेव्हा दाहही कमी झाला नाही आणि गाठीही. उलट मिश्रण दिलेल्या उंदरांत गाठी जास्त झाल्या आणि त्या आतड्याच्या भिंतीत अधिक खोल गेल्या. उंदीर म्हणजे दाजी नव्हेत, हे मला कळते. तरीही दुकानदाराने दिलेली हमी कुठून आली, हा प्रश्न उरतोच.

याहून मजेशीर गोष्ट जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निसल यांच्या जंतूची आहे. १९१७ मध्ये त्यांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलायची एक जात वेगळी केली आणि ती कोलायटिसच्या रुग्णांना आजही प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जंतूंचे औषध, म्हणून दिली जाते. तिच्याकडेही कोलिबॅक्टिनचा तोच जनुक-पुंजका आहे. 'चांगला जंतू' आणि 'वाईट जंतू' अशी वाटणी डबीवर छापायला सोपी असते, एवढेच.

दाजींना मी हे सगळे सांगितले नाही. एवढेच सांगितले की कोलायटिसमध्ये कर्करोगाची सुरुवात पुष्कळदा ठळक गाठीने होत नाही, सपाट अस्तरातच पेशी बिघडू लागतात, त्यामुळे दुर्बिणीतून बघून ठिकठिकाणचे बारीक तुकडे तपासावे लागतात. आणि लक्षणांना आठेक वर्षे झाली की ही तपासणी सुरू करायची असते, पोट बरे वाटत असले तरी. दाह आटोक्यात ठेवणारी रोजची गोळी त्यांनी कॅप्सूल आल्यापासून अधूनमधून चुकवली होती, हे त्या बोलण्यात उघड झाले. आक्का त्यावर बराच वेळ काही बोलली नाही.

तपासणीच्या तयारीचा कागद कानडी आणि इंग्रजीत होता. दाजींचे शिक्षण मराठी शाळेत झालेले, त्यामुळे कानडी शाळेत शिकणाऱ्या भाच्याने तो मोठ्याने वाचून मराठीत सांगितला: भाकरी बंद, पालेभाजी बंद, आदल्या दिवशी फक्त पाण्यासारखे पातळ पदार्थ.

"ताक?" दाजींनी विचारले.

"दूध-दही-ताक नाही, असं लिहिलंय," भाचा म्हणाला.

त्या रात्री आक्काने नेहमीच्या निम्मेच दूध विरजले.