एक दात पुढे बसलेली टायमिंग चेन

वडिलांच्या हीरो होंडा स्प्लेंडरचे इंजिन मागच्या दिवाळीआधी पूर्ण उघडावे लागले. गाडी तेल खात होती आणि निळा धूर सोडत होती, म्हणून ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवला आणि त्याच वेळी टायमिंग चेनही नवी घातली. पिस्टन ज्याला फिरवतो त्या क्रँकच्या शाफ्टशी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या शाफ्टचा मेळ ही साखळी घालते. गाडी गॅरेजमधून इंदूरच्या रामबागेतल्या घरी आली, तेव्हा धूर गेलेला होता. पण आयडलिंग एकसारखे राहत नव्हते, कार्ब्युरेटरमधून मधूनमधून फुसकारा येत होता आणि सायलेन्सरचा आवाज पूर्वीपेक्षा फाटल्यासारखा वाटत होता. ओंकारेश्वराहून परतताना भेरूघाटाच्या चढावर तर गाडी दुसऱ्या गिअरमध्येही दमली.

गॅरेजमध्ये आधी प्लग बदलला, मग कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक छिद्रे, म्हणजे जेट, साफ केली, मग हवेचा स्क्रू फिरवून पाहिला. टायमिंगचा विषय मी काढला, तेव्हा कारागीर म्हणाला, "किक देखो, कितनी कड़क है." वडिलांनाही ते पटले, आणि मलाही काही दिवस पटले होते. किक कडक म्हणजे कॉम्प्रेशन चांगले, आणि कॉम्प्रेशन चांगले म्हणजे टायमिंग बरोबर, हा तर्क वरवर सरळ दिसतो. परंतु तो अर्धाच खरा आहे. चेन बसवताना कॅम मागे राहिला, तर पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, वर येणारा पिस्टन आत आलेले मिश्रण परत कार्ब्युरेटरकडे ढकलतो आणि किक हलकी लागते. कॅम पुढे गेला, तर तोच व्हॉल्व्ह लवकर बंद होतो आणि किकच्या मंद गतीला सिलिंडरमध्ये उलट जास्त मिश्रण अडकते. म्हणजे कडक किक चेन मागे नसल्याचे सांगते. ती पुढे नसल्याचे सांगत नाही. आमच्या गाडीची बाकीची लक्षणेही पुढे गेलेल्या कॅमचीच होती. इनटेक व्हॉल्व्ह फार लवकर उघडल्याने जळलेला वायू उलटा इनटेकमध्ये शिरत होता, आणि जळलेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लवकर उघडल्याने पिस्टनला मिळायचा जोर सायलेन्सरमधून वाया जात होता.

शेवटी एका रविवारी मी घरीच झाकणे उघडली. प्लग काढून ठेवला, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावरचे चुंबकी चाक, पान्याने फिरवून त्यावरची 'टी' ही खूण क्रँककेसवरच्या खुणेसमोर आणली आणि हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या भागाच्या, डाव्या बाजूच्या गोल झाकणाआडचे कॅम स्प्रॉकेट (कॅमचे दातेरी चाक) पाहिले. त्यावरची 'ओ' खूण हेडच्या खाचेसमोर यायला हवी होती. ती बरोबर एक दात पुढे निघून गेलेली होती. वरच्या स्प्रॉकेटला ३० दात धरले, तर एक दात म्हणजे कॅमवर १२ अंश आणि क्रँकवर २४ अंश होतात, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. एवढा फरक कोणतेही जेट बदलून भरून निघत नाही.

चूक सापडली, तरी ती कशी झाली असेल हे समजल्याशिवाय मला चेन हलवायची नव्हती. मॅग्नेटवर 'टी'च्या जवळच 'एफ' ही खूण असते. 'टी' म्हणजे पिस्टन अगदी वर. 'एफ' म्हणजे आयडलिंगला ठिणगी पडण्याची जागा, वरच्या टोकाच्या साधारण १५ अंश आधी. मी मुद्दाम 'एफ' समोर आणून पाहिले, तेव्हा 'ओ' खूण खाचेच्या जवळपास अर्धा दात पुढे दिसली. चेन योग्य बसलेली असती, तर याच जागी ती जवळपास अर्धा दात मागे दिसली असती. ज्याने 'एफ'लाच 'टी' समजले, त्याच्यापुढे सारखेच तिरके दिसणारे दोन पर्याय होते आणि त्याने चुकीचा निवडला.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही अर्ध्या दाताची गोष्ट. चेन सरकते ती पूर्ण दातानेच. त्यामुळे खूण अर्धा दात चुकलेली दिसली, तर चेन पुन्हापुन्हा हलवण्याआधी आपण ज्या खुणेवर विसंबलो आहोत तिचीच तपासणी करावी. कधी खूण चुकीची वाचलेली असते, कधी छोट्या छिद्रातून तिरके पाहिलेले असते, तर कधी मॅग्नेटची अर्धचंद्राकृती चावी कापली गेल्याने मॅग्नेटच शाफ्टवर सरकलेला असतो. हेड उघडे असेपर्यंत याची खात्री करून घेणे सोपे असते. सिलिंडरवर एक लोखंडी पट्टी अशी आवळावी की पिस्टन वर पोहोचण्याआधीच तिला टेकेल. मग मॅग्नेट दोन्ही दिशांनी हळूच टेकेपर्यंत फिरवून दोन खुणा कराव्यात. त्यांचा मध्य हेच खरे वरचे टोक. नुसत्या नजरेने ते सापडत नाही, कारण वर पोहोचलेला पिस्टन काही अंश जवळजवळ स्थिर भासतो.

चेन हलवताना ती तारेने बांधून ठेवली, नाहीतर ती खाली घसरून क्रँकच्या दातांत अडकते. चेन ताणून ठेवणारा टेन्शनर बसवल्यावर मॅग्नेट डावीकडून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे इंजिन फिरते त्याच दिशेने, पूर्ण दोन फेऱ्या फिरवला. खूण थोडी पुढे गेली, तर मागे वळवायचे नाही. पुन्हा दोन फेऱ्या घालायच्या, कारण उलटे फिरवले की चेनची ओढणारी बाजू सैल पडते आणि खूण खोटी दिसते. फिरवताना काही कठीण टेकले, तर जोर न लावता तिथेच थांबायचे. माझ्या तिन्ही फेरतपासण्यांत 'टी' आणि 'ओ' एकाच वेळी आपापल्या जागी आल्या. त्यानंतर व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर सैल असलेल्या कॉम्प्रेशनच्या टोकावर फीलर गेजच्या पातळ पट्टीने टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, लावले आणि झाकणे बंद केली.

पुढच्या आठवड्यात वडील मागे बसले आणि आम्ही ओंकारेश्वराच्या वाटेवरच्या बडवाहपर्यंत जाऊन आलो. परतीच्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये वर आली. झाकणे बंद करण्यापूर्वी मी मॅग्नेटवरच्या 'टी'ला पांढरा रंग लावून ठेवला आहे आणि 'एफ' मुद्दाम तशीच ठेवली आहे.