१९४३ सालचा नागान आणि त्याच्या अंगावरच्या खुणा

माझ्या संग्रहातले सर्वांत स्वस्त आणि दिसायला सर्वांत ओबडधोबड शस्त्र म्हणजे १९४३ साली रशियातील इझेव्हस्क येथील कारखान्यात तयार झालेले नागान रिव्हॉल्व्हर. ते माझ्या हाती आले तेव्हा मेणासारख्या तपकिरी ग्रीसमध्ये बुडवून काढल्यासारखे होते, आणि ते ग्रीस घोड्याच्या (म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या हातोडीच्या) खाचेत, चापामागच्या पोकळीत, मुठीच्या लाकडी फळ्यांखाली, जिथे जागा मिळेल तिथे जाऊन बसले होते. एक अख्खा शनिवार मी गॅरेजमध्ये मिनरल स्पिरिट्स हे ग्रीस विरघळवणारे द्रावण, जुना टूथब्रश आणि सुती चिंध्या घेऊन बसलो. ग्रीस उतरत गेले तसा खालचा पोलादी पृष्ठभाग दिसू लागला आणि त्यावरच्या मिलिंग कटरच्या, म्हणजे धातू तासणाऱ्या हत्याराच्या, समांतर रेघा इतक्या ठळक होत्या, की त्या बोटाच्या नखाला जाणवत होत्या.

माझे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षे लेथवर काम करत होते. त्या रात्री व्हिडिओ कॉलवर मी त्यांना रिव्हॉल्व्हरची चौकट, म्हणजे त्याचा मुख्य सांगाडा, उजेडात धरून दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "घाईत केलंय रे हे. शेवटचा हात फिरवायला वेळच दिलेला नाही. पण बसतंय का सगळं नीट?" मी घोडा मागे ओढून दाखवला. काडतुसे धरणारा सिलिंडर फिरून पुढे सरकला आणि नळीला टेकला. "मग झालं," ते म्हणाले, "जिथं माप पाहिजे तिथं माप दिलंय त्यानं." नागानविषयी मी आजवर जे काही वाचले आहे त्यात युद्धकाळातल्या उत्पादनाचे इतके नेमके वर्णन मला आढळलेले नाही. जर्मन फौजा मॉस्कोच्या दिशेने सरकत असताना १९४१ च्या शरदात 'तुला' या रशियन शहरातल्या कारखान्याची यंत्रसामग्री पूर्वेकडे हलवावी लागली, त्यानंतर ही रिव्हॉल्व्हरे इझेव्हस्कमध्ये घडू लागली, आणि तिथे पॉलिशवर एक मिनिटही खर्च करणे कोणाला परवडणारे नव्हते. त्रिकोणातला बाण ही इझेव्हस्कची खूण आणि तिच्याजवळचा १९४३ हा आकडा पुसला गेला असता, तरी त्या कटरच्या रेघांवरून काळ ओळखता आला असता.

हे रिव्हॉल्व्हर मुळात रशियन नव्हे. बेल्जियममधील लिएज येथील लेऑन नागान यांची ही रचना रशियाने १८९५ मध्ये स्वीकारली, आणि सुरुवातीचा माल लिएजहून घेतल्यानंतर १८९८ पासून तुला येथे उत्पादन सुरू केले. त्यातली खरी गंमत सिलिंडरमध्ये आहे. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट राहते आणि गोळी सुटताना त्या फटीतून तप्त वायू बाहेर फेकला जातो. नागानमध्ये घोडा मागे जाताना सिलिंडर फिरतो आणि मग पुढे सरकून नळीच्या मागच्या टोकाला घट्ट भिडतो. त्याचे काडतूसही त्यासाठीच वेगळे असते. गोळी पितळी पुंगळीच्या पूर्ण आत दडलेली असते आणि पुंगळीचे निमुळते तोंड सिलिंडरच्या पुढे येऊन थेट नळीत शिरते. बार उडताच ते तोंड फुगते आणि फट बंद होते. याच कारणामुळे या रिव्हॉल्व्हरवर आवाज दाबणारे नळकांडे खरोखर उपयोगी ठरते, आणि सोव्हिएत सैन्याने मितिन बंधूंनी तयार केलेले 'ब्रामित' नावाचे तसे उपकरण त्यावर वापरलेही.

या करामतीची किंमत मात्र चाप ओढणाऱ्या बोटाला मोजावी लागते. चापाच्या एकाच ओढीत सिलिंडर फिरवायचा, पुढे ढकलायचा आणि घोडाही मागे न्यायचा, हे सारे काम त्या एका बोटावर येऊन पडते आणि त्यासाठी सुमारे नऊ किलो जोर लागतो. पहिल्यांदा रेंजवर मी तसे सात बार काढले तेव्हा पंधरा यार्डांवरच्या कागदावर माझी छिद्रे पसरट थाळीएवढ्या जागेत विखुरली होती. तेव्हापासून मी आधी अंगठ्याने घोडा मागे घेतो आणि मग चाप ओढतो. ती ओढही हलकी नाहीच, पण हात स्थिर ठेवता येतो. बार झाल्यावर उजवीकडची छोटी झडप उघडायची, सिलिंडरच्या आसात दडलेली दांडी पुढे ओढून बाजूला फिरवायची आणि एकेक पुंगळी मागे ढकलून काढायची, मग एकेक नवे काडतूस भरायचे. सात बारांनंतर हे सगळे शांतपणे करायला मला दीड मिनिट लागते. थंडीत बधिर झालेल्या बोटांनी, समोरून शत्रू येत असताना, खंदकात बसून हेच करणाऱ्या माणसाचा विचार मी दर वेळी करतो. जुनी शस्त्रे नुसती काचेमागे न ठेवता अधूनमधून चालवावीत असे मला वाटते ते यासाठी, की त्यांनी माणसाच्या हाताकडून काय मागितले हे छायाचित्रावरून कळत नाही.

आता खुणांकडे वळतो, कारण माझा जीव खरा त्यांच्यात अडकलेला आहे. युद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी ही रिव्हॉल्व्हरे सुटी करून दुरुस्त केली, पुन्हा काळा मुलामा दिला आणि साठवून ठेवली. माझ्या नागानवर चौकोनात तिरपी रेघ असलेला छोटा शिक्का आहे, तो या दुरुस्तीचा. सिलिंडरवरचा जुना क्रमांक खोडून त्याजागी चौकटीचा क्रमांक नव्याने मारलेला आहे, म्हणजे हा सिलिंडर मूळचा दुसऱ्याच रिव्हॉल्व्हरचा. नळीच्या खालच्या बाजूला अमेरिकेतील आयातदाराचे नाव बारीक अक्षरांत कोरलेले आहे. अनेक संग्राहक या आयातीच्या कोरीव अक्षरांवर नाराज असतात आणि ती नसलेल्या नगासाठी कितीतरी जास्त पैसे मोजतात. मला तसे वाटत नाही. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने लष्करी वापरातून निघालेल्या शस्त्रांची आयात बंद पडली होती, १९८४ मध्ये संग्रहयोग्य जुन्या शस्त्रांपुरती ती पुन्हा खुली झाली, आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर पूर्व युरोपातील कोठारे रिकामी होऊ लागली. ती कोरीव अक्षरे म्हणजे या प्रवासाचा शेवटचा मुक्काम आहे. कारखाना, शस्त्रागार आणि बंदर या तिन्ही ठिकाणच्या हातांची नोंद एकाच पोलादावर असेल, तर त्यातली एक खरवडून काढण्याचा अधिकार मला कोणी दिला?

म्हणूनच जुन्या शस्त्राला चकचकीत करण्याचा प्रकार मला मनापासून खुपतो. माझी पहिली खरेदी टोकारेव्ह या सोव्हिएत पिस्तुलाची होती, आणि विकणाऱ्याने ते पॉलिश पेपरने घासून नवा मुलामा दिलेले होते. ते दिसायला सुरेख होते, पण शिक्क्यांच्या कडा झिजून गेल्या होत्या आणि सालाचा शेवटचा आकडा तीन की आठ हे आज भिंगातूनही सांगता येत नाही. याहून वाईट अवस्था वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरची झाली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने वापरलेल्या .४५५ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप) मार्क सहा वेब्ली अमेरिकेत आल्या, तेव्हा इथे सहज मिळणारे .४५ चे पिस्तुली काडतूस त्यात बसावे म्हणून असंख्य सिलिंडरांची मागची बाजू तासून टाकण्यात आली. त्या काडतुसाचा दाब मूळ काडतुसापेक्षा बराच अधिक असतो. म्हणजे मूळ वस्तूही गेली आणि वापरणाऱ्याच्या हातालाही धोका निर्माण झाला. नागानमध्ये .३२ स्मिथ अँड वेसन लाँग काडतुसे घालणारेही आहेत. त्यांच्या पुंगळ्या फुगून बाहेर येतात आणि ज्या बंद फटीसाठी हे रिव्हॉल्व्हर घडले ती बंदच होत नाही. योग्य काडतुसे महाग आहेत, हे मान्य. तर मग कमी बार काढावेत.

वेब्लीच्याच कुळातले एन्फिल्ड क्रमांक दोन मात्र माझ्याकडे सुस्थितीत आहे, घोड्याला अंगठ्याचे टोक नसलेले, केवळ चापाच्या ओढीवर चालणारे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी लष्करातील अधिकाऱ्यांच्या कमरेलाही याच घराण्यातली रिव्हॉल्व्हरे होती, आणि कानपूरला बनणारे .३२ चे रिव्हॉल्व्हर आजही त्याच पद्धतीने बिजागरीवर मोडून उघडते. गावाकडे परवानाधारक नातेवाइकाच्या कपाटात तसे रिव्हॉल्व्हर पाहिलेल्या कोणालाही माझे एन्फिल्ड ओळखीचे वाटेल. भारतात लष्करी वापरातले अनेक बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाहीत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, त्यामुळे असा संग्रह तिथे उभा राहणे अवघड आहे. इथे मी तीस डॉलर भरून तीन वर्षांसाठी संग्राहकाचा परवाना घेतला आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली शस्त्रे त्यावर थेट घरच्या पत्त्यावर मागवता येतात, मात्र प्रत्येक नगाची नोंद वहीत ठेवावी लागते. हा व्यापाराचा परवाना नव्हे, आणि राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात.

शेवटी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यात मी स्वतः चुकलो आहे. जुन्या सोव्हिएत काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बार पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असते आणि ते जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे एक प्रकारचे मीठच. ते हवेतला ओलावा ओढून घेते. तेलात ते विरघळत नाही, त्यामुळे नळी तेलाने पुसून ठेवणारा माणूस मिठावरच तेलाचा थर चढवत असतो. ओहायोतल्या एका दमट जुलैत मी टोकारेव्ह असेच तेल लावून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळीत नारिंगी लव दिसली. ती निघाली, पण खाली बारीक खड्डे राहिले. तेव्हापासून रेंजवरून आल्यावर, हात धुवायच्याही आधी, मी किटलीत पाणी उकळतो. नळीत लहान नरसाळे धरून ते कढत पाणी दोनदा ओततो, पोलाद स्वतःच्या उष्णतेने कोरडे होऊ देतो आणि मगच तेलाचा हात फिरवतो. परवाही तेच केले. नंतर वही उघडून तारीख लिहिली, काढलेले बार लिहिले, एकवीस, आणि स्थितीच्या रकान्यात लिहिले: नळी स्वच्छ, शिक्के स्पष्ट, कटरच्या रेघा होत्या तशा.