ग्रानादातली एक पुण्यतिथी

२२ डिसेंबरला स्पेनमध्ये सकाळी कुणाचंच कामात लक्ष नसतं. नाताळच्या लॉटरीची सोडत असते आणि माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुलं नंबर गाऊन सांगतात. हो, गाऊनच! बारमध्ये, वाण्याकडे, टॅक्सीत, जिकडेतिकडे पाढे म्हटल्यासारखा तोच सूर. मला यंदाही काही लागलं नाही.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकांनी दार वाजवलं. साठी उलटलेली, केस पांढरे, अंगात झिजलेलं काळं लेदर जॅकेट. ‘‘आज जोचा दिवस. येतेस?’’

जो म्हणजे जो स्ट्रमर. लंडनच्या ‘द क्लॅश’ या पंक (म्हणजे मुद्दाम ओबडधोबड, बंडखोर रॉक) बँडचा गायक. २००२ साली याच तारखेला इंग्लंडमध्ये, सॉमरसेटच्या घरी अचानक गेला. वय पन्नास. हृदयात जन्मापासून दोष होता, त्याचा कुणाला पत्ताच नव्हता. पण मग त्याची पुण्यतिथी इथे, दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा शहरात का?

तर स्ट्रमरला लोर्का या ग्रानादाच्या कवीचं वेड. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवीच्या सुरुवातीलाच या कवीला शहराबाहेर गोळ्या घातल्या. मृतदेह आजही सापडलेला नाही. क्लॅशच्या १९७९ च्या ‘लंडन कॉलिंग’ या अल्बममधल्या एका गाण्यात स्ट्रमरने लोर्काचं नाव घेतलं आणि पुढे स्वतःच इथे येऊन राहू लागला. ०९१ नावाचा इथला बँड आहे (हा पोलिसांचा फोन नंबर!), त्यांचा १९८६ चा अल्बम त्यानेच प्रोड्यूस केला. लोर्काला शोधायला तो कुदळ-फावडं घेऊन निघाला होता, असंही इथले लोक सांगतात. काका तर शपथेवर सांगतात.

रेआलेखो भागातला चढ चढून आम्ही चौकात पोचलो. प्लासा जो स्ट्रमर. चाहत्यांनी मागणी लावून धरली आणि २०१३ मध्ये नगरपालिकेने खरंच हे नाव दिलं. चौक म्हणजे केवढा, तर आपल्याकडे एक गणपतीचा मांडव जेमतेम मावेल. भिंतीवर त्याचं मोठं चित्र. हार नाही, भाषण नाही, फोटोसमोर उदबत्ती नाही. मला उगीच चुकल्याचुकल्यासारखं झालं. दहाबारा माणसं, एक गिटार, बिअरचे कॅन आणि सिएरा नेवादाच्या डोंगरांवरून येणारं हाडं गोठवणारं वारं. गाणारे सगळे बेसूर. त्याने काही बिघडलं नाही, पंकच ते.

गाण्यांपेक्षा गप्पाच जास्त. स्पेनमध्ये त्याने एक डॉज गाडी घेतली होती, माद्रिदच्या कुठल्याशा गॅरेजात लावली आणि कुठे लावली तेच विसरला. त्या गाडीच्या शोधावर पुढे माहितीपट निघाला. मरणाच्या महिनाभर आधी लंडनच्या अ‍ॅक्टन टाउन हॉलमध्ये संपकरी अग्निशामक जवानांसाठी तो गायला, तेव्हा प्रेक्षकांत बसलेला क्लॅशमधला जुना साथीदार मिक जोन्स न राहवून स्टेजवर चढला. इतक्या वर्षांनी दोघं एकत्र! हे सांगताना काकांचा आवाज जरा अडकला. ते तिथे नव्हते, तरीही.

मी मधेच म्हटलं, त्याच्या वडिलांचा जन्म लखनौचा. एकदम शांतता. मग एकाने विचारलं, ‘‘लखनौ तुझ्या गावाजवळ का?’’

‘‘पुण्याहून रेल्वेने एक दिवस आणि एक रात्र.’’

त्यांनी आपापसात थोडी चर्चा केली. जवळच आहे, असं ठरलं आणि माझ्या हातात गिटार आली. मला ‘सा’ सुद्धा धड लावता येत नाही, हे सांगायला वेळच मिळाला नाही.