निर्दोष सुटला तरी रेकॉर्डवर पेंडिंगच

कोर्टाने निर्दोष सोडलं की विषय संपला असं आपण धरून चालतो, पण पोलिसांच्या कॉम्प्युटरवर तो संपलाय का हे कुणी बघतच नाही.

आमच्या पेडण्यातली कितीतरी पोरं जहाजावर आहेत, आणि नोकरीच्या कागदांत बऱ्याचदा पीसीसी म्हणजे पोलिस क्लिअरन्स मागतात. शेजारच्या पोराचं नाव जत्रेतल्या मारामारीत घातलेलं, केस वर्षानुवर्षं चालली आणि शेवटी सगळे निर्दोष सुटले. पीसीसीला अर्ज केला तर स्टेशनच्या स्क्रीनवर याच्या नावापुढे पेंडिंग! हवालदार वाईट नव्हता, म्हणाला, "बाबा, आमच्याकडे निकाल आलाच नाही, नक्कल घेऊन ये." आणि इकडे ई-कोर्ट्सच्या ॲपवर १६ अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टात प्रत्येक केसला मिळणारा नंबर, टाकला की तोच निकाल पोराच्या मोबाईलवर दिसतोय. म्हणजे निकाल कुणालाही दिसतो, फक्त ज्यांनी चार्जशीट घातली त्यांच्याच रेकॉर्डला त्याचा पत्ता नाही. नक्कल हातात येईपर्यंत जॉइनिंगची तारीख गेली, त्याच्या आईकडे बघवत नव्हतं.

बरं, सरकारने यावर काही केलंच नाही असंही नाही. पोलिस स्टेशनं जोडणारी सीसीटीएनएस ही कॉम्प्युटर यंत्रणा २००९ पासूनची, आणि पोलिस, कोर्ट, तुरुंग, फॉरेन्सिक, सरकारी वकील हे पाचही जोडायला आयसीजेएस आहे, तिच्या दुसऱ्या टप्प्याला २०२२ मध्ये ३,३७५ कोटी मंजूर झाले. माहिती एकदाच भरायची आणि सगळ्यांनी वापरायची, कल्पना चांगलीच आहे, मला हवीच आहे. पण एफआयआर जेवढ्या झटपट चढते तेवढ्याच झटपट सुटका का चढू नये? आणि सगळी खाती जोडली की हे चुकीचं पेंडिंगसुद्धा एका जागेवरून पाच जागी जाणार, मग ते पुसायला माणसाने कुठे कुठे फिरायचं?

एफआयआर नंबर आणि सीएनआर एकमेकांना जोडलेले असले तर निकाल लागला त्याच दिवशी नोंद आपोआप बदलायला हवी, आणि कुणी नक्कल आणून दिली तर किती दिवसांत दुरुस्ती करायची ते लेखी ठरलेलं हवं, साहेबांच्या मर्जीवर नको. तोवर घरात कुणाची अशी सुटलेली जुनी केस असेल तर नोकरी लागायची वाट बघू नका, नक्कल आत्ताच काढा, अर्जाला जोडून स्टेशनवर द्या आणि पोचपावती घेतल्याशिवाय हलू नका.