तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोतल्या माणसाचं नाव मी का सांगत नाही

"इतकी वर्षं महायुद्धातल्या विमानसैनिकांचे हे फोटो बघताय, मग त्यातला माणूस कोण ते सांगायला काय हरकत आहे?" हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की एकदा नीट लिहूनच टाकते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन बॉम्बर विमानांतली माणसं साध्या कपड्यांत काढलेले पासपोर्ट आकाराचे फोटो सोबत नेत. विमान पडलं, जीव वाचला आणि बेल्जियम-फ्रान्समध्ये कुणी लपवून ठेवलं, तर ते खोट्या ओळखपत्रावर लावता यावेत म्हणून. जर्मनव्याप्त मुलुखात फोटोचं सामान मिळणं मुश्किल, आणि परक्या पोराला स्टुडिओत नेणं म्हणजे लपवणाऱ्यांच्याही जिवाशी खेळ. निसटणाऱ्यांच्या मदतीसाठी डिसेंबर १९३९ मध्ये ब्रिटिशांनी एमआय-नाइन हे खातं काढलं. त्याच्या रेशमी नकाशांचं आणि बटणांत लपवलेल्या होकायंत्रांचं सगळ्यांना कौतुक. फोटोंकडे कोण बघतो? हे चेहरे तर दुसऱ्याच्याच नावावर खपावेत म्हणून टिपलेले. पाठीमागे खरं नाव कोण लिहील?

इंग्लंडमधल्या एका आजींनी दोन फोटो पाठवले होते. एक त्यांच्या भावाचा, जो मोहिमेवरून परतलाच नाही. दुसरा एका जुन्या संग्रहातला, बिननावाचा. "कोट बघ," त्यांनी लिहिलं होतं. मी भिंग लावून पाहिला. तीच बारीक रेघ, डाव्या कॉलरचं टोक तसंच दुमडलेलं, वरच्या काजाची शिवण तशीच उसवलेली. कोट एकच होता, यात मला आजही शंका नाही. पण हवाई तळावर साधा कोट असायचा एखादाच. तो एकाने उतरवायचा, पुढच्याने चढवायचा. नुसत्या कोटावरून माणूस कुठल्या तुकडीचा ते जर्मनांना ओळखता येई, असंही सांगतात. म्हणजे आजींना जो पुरावा वाटला, त्यावरून फार तर तळ कळतो, माणूस नाही. चेहरा? नाक जुळत होतं, कान जुळत नव्हते, आणि प्रिंट फिकट होती. मी "सांगता येत नाही" असं कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "तू हो म्हणाली असतीस तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

बिघडलं असतं. तो दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ असेल, तर त्याच्या घरच्यांची वाट मीच बंद केली असती. हे मी ठासून सांगते, आणि तरी ती ओळ अजून सलते. या कामाला लागले तेव्हाची मी म्हणायची, की चेहऱ्याला नाव मिळालंच पाहिजे, त्यासाठीच तर हा खटाटोप. तिला आज काय उत्तर द्यावं, सुचत नाही. त्या आजी नव्वदीच्या पुढे होत्या. सावधपणाला अवधी लागतो, तो त्यांच्याकडे नव्हता.

जे परत आले त्यांचे जबाब लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, डब्ल्यूओ २०८ या मालिकेत आहेत. जे आले नाहीत त्यांचा जबाब कुठून असणार? म्हणून तुमच्याकडे असा फोटो असेल तर आधी स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, आणि मोहिमेची तारीख शोधा. मग मला विचारा. चेहऱ्याचं शेवटी बघू.