छत्तीस पुतळ्या, दोन अस्सल

पुतळ्यांची माळ लिलावाला येते ती सहसा अखंड येते. ही दोन पुड्यांत आली. एका पुडीत रेशमात गाठवलेल्या ३० पुतळ्या आणि दुसरीत ओवायच्या कड्या कापून, काठ घासून, लखलखीत पॉलिश केलेल्या ६. "नुसतं नाणं दिसलं तर भाव चांगला येईल, म्हणून मुलानं सोनाराकडून या सोडवून आणल्या. उरलेल्याही आणू का तशाच?" माळ विकायला आणलेल्या काकूंनी विचारलं. मी आधी माळेची पुडी माझ्याकडे ओढून घेतली.

पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं ड्यूकॅट. १२८४ साली ते पाडायला सुरुवात झाली आणि १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याचं साधारण साडेतीन ग्रॅम वजन आणि जवळपास शुद्ध सोन्याचा कस फारसा बदलला नाही. म्हणून तर आपल्याकडच्या बाजारात त्याच्यावर डोळे झाकून विश्वास होता. एका बाजूला संत मार्क व्हेनिसच्या प्रमुखाला, म्हणजे डोजला, निशाण देतो आहे आणि डोज गुडघे टेकून ते घेतो आहे. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू उभा. काकूंच्या घरी मात्र संत मार्क आणि डोज हे राम-सीता होते. नाणी संपली तसे आपल्या सोनारांनी तेच चित्र उतरवून पुतळ्या घडवल्या. माळेत बहुतेक याच असतात.

ओळखायचं अक्षरांवरून. दहापट भिंगाखाली अस्सल नाण्यावरची लॅटिन अक्षरं एका उंचीची, टोकदार पायांची दिसतात आणि निशाणाच्या काठीलगत डी, व्ही, एक्स ही तीन अक्षरं एकाखाली एक नीट लागतात. आपल्या कारागिराला ती लिपी वाचता येत नव्हती, त्यानं आकार उतरवले. त्याच्या हातून येशूभोवतीच्या ओळीचं कुंपण होतं, नुसत्या उभ्या रेघा आणि टिंबं. पण हातात कसब असलेला कारागीर नावही बरं उतरवतो. शेवटचा डोज लुडोविको मानिन (१७८९-१७९७) याचं नाव नकलांवरही दिसतं. तेव्हा 'मानिन' वाचता आलं म्हणजे नाणं पक्कं झालं, असं नाही.

सुट्या सहांपैकी एकावर मला 'मानिन' वाचता आलं. डी, व्ही, एक्स जागच्या जागी होती. पण पॉलिशनं अक्षरांच्या कडा गोल झाल्या होत्या आणि काठावर जिथे कडीचा डाख, म्हणजे जोड, होता तिथे कानस चांगली आत गेली होती. मग पाण्यातलं वजन घेतलं. आधी नाणं कोरडं तोललं: ३.४१० ग्रॅम. मग बारीक धाग्यानं पाण्यात टांगून तोललं, तर घट आली ०.१७८. कोरड्या वजनाला या घटीनं भागलं तर १९.१ च्या पुढे, म्हणजे जवळजवळ शुद्ध सोनं. शेजारची एक पुतळी ३.३५० ग्रॅमची, तिची पाण्यातली घट ०.१९०, भागाकार १७.६, म्हणजे २२ कॅरेटच्या आसपास.

इथे लोक फार चुकतात. साडेतीन ग्रॅमच्या नाण्यात २४ आणि २२ कॅरेटमधला फरक पाण्यातल्या घटीत जेमतेम १५-१६ मिलिग्रॅम पडतो. दोन दशांश दाखवणाऱ्या काट्यावर तो नीट कळत नाही. तीन दशांशाचाच काटा लागतो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, नाहीतर चिकटलेला एक बुडबुडा सगळा हिशेब बिघडवतो. आणि कडी असलेल्या पुतळीवर हा प्रयोग करायचाच नाही. डाखाचं हलकं सोनं आणि त्याच्या फटीतली हवा मिळून अस्सल नाण्यालाही हिणकस ठरवतात. तिथे एक्स-रे यंत्रानं कस बघायचा, तोही दोन्ही बाजूंच्या मध्यभागी, डाखापासून लांब.

माळेतल्या ३० पुतळ्या एकेक करून भिंगाखाली घेतल्या. अकरावी तशीच मानिनची निघाली. कडी शाबूत, पृष्ठभागावर जुन्या वापराची मऊ झिलई, गुडघे टेकलेल्या डोजच्या झग्याच्या चुण्या मोजता याव्यात इतक्या स्वच्छ. यंत्रावर दोन्ही बाजूंना कस ९९ टक्क्यांच्या वर. माळा गाठवणाऱ्या पटवेकऱ्याला बोलावून ती एकटी सोडवून घेतली आणि बाकीच्या २९ पुन्हा गाठवून घेतल्या. कडीला हात लावला नाही. कडी काढली तरी काठावरचा डाग जात नाही. उलट नवी जखम दिसते आणि ग्राहकाला वाटतं, काहीतरी लपवलं आहे.

कॅटलॉगमध्ये दोन्ही नाणी लागोपाठ घेतली. पहिल्याखाली लिहिलं: ३.४१ ग्रॅम, कडी काढलेली, काठ कानशीनं घासलेला, पॉलिश केलेलं. दुसऱ्याखाली: कडीसह ३.८६ ग्रॅम, काठावर डाख, पृष्ठभाग मूळ. फोटो तिरप्या उजेडात, घासलेला काठ स्पष्ट दिसेल असे. मुलाला 'कानशीनं घासलेला' हे शब्द नको होते. मी काढले नाहीत. खरेदीदार ते नाणं हातात घेणारच, आणि कॅटलॉगमध्ये नसलेला दोष हातात आला की नाणं परत येतं.

लिलावाच्या दिवशी सोनं ग्रॅमला ७ हजारांच्या आसपास होतं. घासलेलं नाणं २४ हजारांना पुकारलं, २९ हजारांवर हातोडा पडला. सोन्याच्या किमतीवर जेमतेम ५ हजार. लगेच दुसरं, ३० हजारांपासून. त्यावर ४५ हजारांची लेखी बोली आधीच आलेली होती. ती एकदम ४५ वरून सुरू होत नाही, समोरच्यापेक्षा एक पायरी वर एवढीच चढते. सभागृहातून एकजण आणि फोनवर दुबईचे एक मराठी संग्राहक. त्यांना आधीच सांगितलं होतं की १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा त्यांनी सांगलीच्या घरचा पत्ता दिला होता. ५० हजारांनंतर पायरी २ हजारांची झाली, आणि ५८ वर नाणं सांगलीला गेलं. त्याच डोजचं, त्याच माळेतलं, आणि घासलेल्याच्या दुप्पट भाव.

२९ पुतळ्यांची माळ सोन्याच्या भावापेक्षा थोडी वर गेली आणि पाच घासलेल्या नकला नुसत्या वजनावर.

हिशेबाच्या दिवशी काकूंनी कागद दोनदा वाचला आणि मुलाला विचारलं, "अरे, त्या कापलेल्या कड्या कुठे आहेत?" त्यानं तिथूनच सोनाराला फोन लावला. सोनारानं कड्या घटीत, म्हणजे कामात वाया गेलेल्या सोन्यात, धरल्या होत्या. सहा मिळून दोन ग्रॅमच्या आसपास भरल्या असत्या.